कमानीतली तीन पानं

मला त्या गाडीकडे आता बघवत नाही. मागचं बूड जमिनीला टेकायला आलंय, नाक वर आहे, आणि पोरंटोरं तिच्याजवळ उभी राहून "वाह भिया, क्या लुक है" म्हणत फोटो काढतात. लुक कसला डोंबलाचा! कुत्रं घाण करायला बसतं तशी दिसते ती. दुसऱ्या कोणी हे केलं असतं तर मी त्याला चार शिव्या घालून मोकळा झालो असतो. पण ते मी केलंय, याच दोन हातांनी, म्हणून शिव्या तोंडातच राहतात.

देवासला आमचं कमानीचं काम आहे. कमानी म्हणजे गाडीच्या मागच्या चाकांपाशी असते ती पोलादी पट्ट्यांची जुडी. वर लांब पट्टी, तिच्याखाली जराशी आखूड, तिच्याखाली आणखी आखूड. खड्डा आला की ती दबते आणि गाडीचं अंग वाचतं. या पट्टीला बाजारात सगळे पट्टा म्हणतात, आमच्या घरात पान म्हणतात. आमचे पूर्वज मराठ्यांच्या फौजेमागे माळव्यात आले ते घोड्यांना नाल ठोकत. घोडे गेले, टांगे आले. टांगे गेले, ट्रक आले. आम्ही आपली ऐरण धरून बसलो. माझे वडील, त्यांना आम्ही आबा म्हणतो, ऐंशीच्या पुढे गेलेत आणि अजून रोज दुकानात येऊन माझ्या कामात खुसपटं काढतात.

ही पिकअप आबांनी एका सरकारी खात्याच्या लिलावात घेतली, मी जन्मायच्याही आधी. गोल नाक, गोल दिवे, मागे लाकडी फळ्यांचा हौदा. तिच्यात जॅक नि घण टाकून आबा पार उदयनगरच्या जंगलापर्यंत जायचे, लाकडाचे ट्रक कमानी मोडून पडलेले असत ते उभे करायला. नर्मदेवरच्या धरणाचं पाणी चढलं तेव्हा निसरपूरहून मावशीचं अख्खं घर याच गाडीतून हललं. शेवटच्या फेरीला आई मागे जात्यावर बसून आली, कारण दुसरीकडे बूड टेकायला जागाच नव्हती. दोन दिवस तिची कंबर धरली होती आणि दोन दिवस ती आबांच्या कमानीला नावं ठेवत होती.

आता आमच्या घरचं खूळ सांगतो, नाही तर पुढचं कळायचं नाही. गाडी आली तेव्हा आबांनी तिच्या कमानीतलं एक पान आपल्या वडिलांचं ठरवलं, एक आत्याचं, एक स्वतःचं आणि एक आईचं. आत्या म्हणजे आबांची मोठी बहीण. सासर सोडून आली ती आमच्याकडेच राहिली. पुढे मी झालो, एक पान चढवलं. भाऊ झाला, आणखी एक. सून आली, पान. नातू झाला, पान. घरात माणूस वाढलं की दोन्ही बाजूंच्या कमानीत एकेक पान वाढवायचं, अशी अकरा पानं झाली. गाडी मागून इतकी उंच आणि ताठ झाली की रिकामी चालवली तर दात वाजायचे. ट्रकवाले हसायचे. आबा म्हणायचे, "हसू देत. माझं खटलं उचलते ती."

खंडेनवमीला हत्यारांची पूजा सगळेच करतात. आमच्याकडे ऐरण नि घणाबरोबर या गाडीच्या उजव्या कमानीची पूजा होते. वयाने मोठा असेल त्याच्यापासून सुरुवात, आणि ज्याने त्याने आपापल्या पानाला ओलं कुंकू लावायचं. जे गेले त्यांच्या पानांना आबा लावतात, आधी आजोबांच्या, मग आत्याच्या. चार वर्षांपूर्वी आई गेली, तेव्हापासून तिच्याही पानाला तेच लावतात. गेलेल्याचं पान काढायचं नाही, हा नियम. दुसऱ्या दिवशी दसऱ्याला सगळे त्याच गाडीत बसून गावाची शीव ओलांडायला जातो. आईच्या पानापाशी आबांना जरा वेळ लागतो, तेवढा वेळ आम्ही इकडेतिकडे बघतो.

माझा धाकटा भाऊ धारला असतो. त्याची सासुरवाडी तिथलीच. धंदे त्याने किती केले ते त्याला तरी आठवतात का, देव जाणे. एकही धड चालला नाही. मला दुकान मिळालं म्हणून आबांनी त्याला गाडी देऊन टाकली. याने काय केलं, तर तिला आकाशी रंग फासला, हौद्यात प्लास्टिकची फुलं ठोकली आणि मांडूला लग्नाआधीचे फोटो काढायला येणाऱ्या जोडप्यांना ती भाड्याने द्यायला सुरुवात केली.

एकदा मी ते सोंग बघितलं. पावसाळी उकाडा, नवरामुलगा सुटात घामाघूम. नवरीमुलीच्या झग्याला दहा हात शेपटी, ती उचलून धरायला एक बाई. एक माणूस डब्यातून खोटा धूर सोडतोय. फोटोवाला ओरडतोय, "सर, थोड़ा नॅचरली हँसो!" घाम पुसून पुसून नॅचरली हसत होता बिचारा. पोरगी आमच्या हौद्यावर चढायला गेली आणि तिला चढता येईना. दोघांनी काखेत हात घालून तिला वर ठेवली, तर पाय हवेत लोंबकळले. फोटोवाला तोंड वाकडं करून म्हणाला, "गाड़ी पीछे से बहुत ऊँची है यार, फ्रेम बिगड़ रही है." आबांच्या अकरा पानांनी याची फ्रेम बिघडली! मी चहाही न घेता बस धरली.

श्रावणात भाऊ गाडी घेऊन देवासला आला. दुकानात शिरतानाच मला कळलं की याला काहीतरी हवंय, कारण येताना कचोऱ्या आणल्या होत्या.

"दादा, मागून चार-पाच इंच डाउन करून दे ना."

"का?"

"अमेरिकेत जुन्या पिकअप अशाच ठेवतात. मागून बसलेल्या. बघ." त्याने मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. एकापेक्षा एक चकाचक गाड्या, सगळ्यांची बुडं खाली.

"त्यांचे रस्ते बघ आणि आपले बघ. एका स्पीडब्रेकरला चासी घासेल."

"अरे, चालवायची कुठे आहे? धार ते मांडू, बस."

"आणि दसऱ्याला? आबांना काय सांगायचं?"

त्याने कचोऱ्यांचा पुडा माझ्याकडे सरकवला. मग म्हणाला, "तुला जमत नसेल तर राहू दे. इंदौरला एक जण आहे, तो करतो. नाही तर एक हॉटेलवाला मागतोच आहे गाडी. अंगणात उभी करून आत चहाचा काउंटर टाकणार म्हणे."

मी पुढे बायकोला, पोराला, सगळ्यांना हेच सांगितलं की हॉटेलवाल्याच्या तावडीतून गाडी वाचवायला मी तयार झालो. ते अर्धंच खरं. मला झोंबलं ते त्याचं पहिलं वाक्य. तुला जमत नसेल तर! तीस वर्षं मी भट्टीसमोर भाजून निघालोय, आणि इंदौरचा कोणीतरी टोपी उलटी घालणारा येऊन माझ्या बापाची कमानी खोलणार? एवढ्या एका गोष्टीवर मी हो म्हटलं. माणूस मूर्ख असला की त्याला फसवायला फार काही लागत नाही, दोन कचोऱ्या नि एक टोमणा पुरतो.

आबांच्या डोळ्याचं त्या आठवड्यात ऑपरेशन झालं होतं, ते घरी पडून होते. मी गाडी जॅकवर घेतली, कमानी उतरवून फरशीवर ठेवल्या आणि मधला बोल्ट काढला. अकरा पानं सुटी झाली. आता यातली कोणती काढायची? चार-पाच इंच हवेत तर खालची आखूड पानं काढून भागणार नाही, वरची लांब पानं काढावी लागतात. तेवढ्यात बायको डबा घेऊन आली. फरशीवर बघून म्हणाली, "माझं पान काढलंत तर याद राखा!" मी म्हटलं, तुझं कोण काढतंय. माझ्या सुनेचं नुकतंच चढवलेलं, ते काढलं तर अपशकुन. आमच्या पोरांची पानं काढायची तर हात धजत नाही. भावाचं काढावं असं फार मनात आलं, पण ते आखूड होतं, माझ्या पानासारखंच. आबांचं सगळ्यात वरचं, तेच गाडीला अडकवलेलं, ते निघत नाही.

उरली तीन, आजोबांचं, आत्याचं आणि आईचं. लांब, वरची आणि ज्यांची आहेत ती माणसं भांडायला येणार नाहीत अशी. मी ती उचलली. कमानी बनवणारा माणूस मी, पानाची लांबी सोडून दुसरं काही बघायला नको होतं मी तिथे. पण मी मेलेली माणसं निवडली. ते सोपं होतं म्हणून निवडली. आज लिहितानासुद्धा मला माझीच किळस येते.

उरलेल्या पानांचा बाक न तापवताच घणाने ठोकून कमी केला, जुडी बांधली, चढवली, जॅक सोडला. गाडी बसली. भाऊ टाळ्या वाजवत तिच्याभोवती फिरला. "क्या बात है दादा! इंदौरवाल्याच्या बापाला जमलं नसतं." हरामखोर!

काढलेल्या तिन्ही जोड्या मी पुसल्या, तेल लावलं, गोणपाटात गुंडाळल्या आणि सुतळीने बांधून त्याच्या हवाली केल्या. दुकानात ठेवल्या असत्या तर आबांच्या नजरेला पडल्या असत्या. त्याला बजावलं, "अष्टमीला गाडी आणि हे गोणपाट, दोन्ही घेऊन यायचं. नवमीला सकाळी मी पानं परत चढवीन. पूजा झाली, शीव ओलांडून झाली की पुन्हा काढीन. दर वर्षी असंच. आबांना यातलं काही कळता कामा नये. ऐकलंस? बाकी गेलं खड्ड्यात, पण आईचं पान नवमीला जागेवर पाहिजे."

"हाव दादा, हाव," तो म्हणाला.

अष्टमीला दुपारी आला. गाडी आली, बायको आली, पोरगी आली, फराळाचा डबा आला. मी हौद्यात बघितलं, सीटच्या मागे बघितलं.

"गोणपाट कुठंय?"

त्याचा चेहरा पडला. "दादा, ते… नवरात्राआधी अंगण साफ केलं ना. कबाडी आला होता. बाकीच्या लोखंडाबरोबर…" पुढचं त्याने गिळलं.

"दिलंस? आईचं पान कबाड्याला दिलंस?"

"लक्षातच नाही राहिलं यार. गोणपाट होतं, मला वाटलं जुनं काहीतरी आहे."

मी हात उगारला होता. त्याची पोरगी समोर उभी होती म्हणून खाली घेतला. कबाड्याला फोन लावला. तो आरामात म्हणाला, "भिया, वो तो उसी दिन निकल गया. कमानी का पट्टा रुकता है क्या? लोहार हाथोहाथ ले जाते हैं, उसके हँसिये बनते हैं." म्हणजे कुठेतरी धारच्या आजूबाजूला कोणीतरी माझ्या आईच्या पानाने गवत कापत होतं. भाऊ मागून म्हणाला, "चल, काही तरी कामाला तर आलं." एवढा निर्लज्जपणा माणूस आणतो कुठून? आपलेच दात आणि आपलेच ओठ, नाही तर त्या दिवशी मी त्याचे दात मोजले असते.

मग मी जे केलं ते त्याच्याहून वाईट. दुकानात जुन्या ट्रकच्या कमानीची पानं पडलेली होती. त्याच मापाचं पोलाद निवडलं, दुपारभर भट्टीवर बाक दिला, भोकं पाडली, तिन्ही जोड्या तयार केल्या. पण चकाकत होती. आबांची नजर ऑपरेशननंतरही अंधूकच असली तरी इतकी गेलेली नव्हती. म्हणून जळकं इंजिन ऑइल आणि चुलीतली राख कालवून ती पानांना चोळली. मग आठवलं की जुन्या पानांच्या टोकाला वर्षानुवर्षांच्या कुंकवाचा काळपट थर होता. तो कुठून आणायचा? देवघरातून कुंकवाचा करंडा आणला, त्याच जळक्या तेलात कुंकू मळलं आणि अंगठ्याने पानांच्या टोकांना फासलं. आईच्या नावाचं कुंकू मी असं मळलं. भाऊ शेजारी बसून म्हणाला, "एकदम ओरिजिनल दिसतंय." मी उठून बाहेर जाऊन थुंकून आलो.

नवमीला सकाळी आबा माझ्या पोराबरोबर टेकडीवर देवीच्या दर्शनाला गेले. नवरात्राची गर्दी, त्यामुळे दोन-अडीच तास मिळाले. तेवढ्यात आम्ही दोघांनी पानं चढवली. बाक कमी केलेल्या पानांमुळे गाडी पूर्वीइतकी उंच झाली नाही, पण कोणी फूटपट्टी लावणार नव्हतं, आणि दसऱ्यानंतर ती पानं पुन्हा निघणारच होती. हात धुतले तरी बोटांचा वास जाईना.

दुपारी पूजा मांडली. ऐरणीवर हार, घणाला हार, झेंडूचं तोरण बोनेटवर. आबा सोवळं नेसून मागच्या उजव्या चाकाजवळ पाटावर बसले. माझ्या बायकोने कुंकवाची वाटी पुढे केली, "मामंजी, घ्या." सगळे अर्धवर्तुळ करून उभे राहिलो. मी मुद्दाम त्यांच्या अगदी जवळ उभा राहिलो, का ते मलाच माहीत नाही.

आबांनी हात आत घातला. आजोबांच्या पानाच्या टोकाला बोट टेकवलं, डोळे मिटले, काहीतरी पुटपुटले. मग आत्याचं पान. तिथेही बोट टेकवलं आणि पुढे सरकले. भावाने माझ्याकडे बघून हळूच डोळा मारला. मारावासा वाटला मला त्याला. मग त्यांनी स्वतःच्या पानाला लावलं.

मग आईचं. बोट टेकवलं. दर वर्षी इथे वेळ लागतो, म्हणून आम्ही सवयीने इकडेतिकडे बघायला लागलो. जरा वेळाने त्यांनी हात बाहेर काढला आणि बोट नाकाशी नेलं. हुंगलं. परत हात आत घातला, अंगठ्याने पानाची कड टोकापासून आतपर्यंत चाचपली. घाई काहीच नव्हती त्यांना.

"हे हिचं नाही," ते म्हणाले.

सून माझ्या पोराकडे बघायला लागली. भाऊ बुटाच्या टोकाने जमीन उकरत होता, सोवळ्याच्या पूजेत साहेबांच्या पायात बूट.

"काढलंत का हिला?"

"मी काढलं, आबा," मी म्हटलं. आणि मग सगळं सांगितलं, फोटोवाले, चार इंच, कबाडी, सगळं. कबाड्याचंही मी माझ्याच अंगावर घेतलं. का घेतलं कोणास ठाऊक, भावाची दया आली असं मुळीच नाही. बोलता बोलता माझा आवाज चढला, जसा काही त्यांचाच दोष होता. शेवटी म्हटलं, "हे नवं आहे, पण पोलाद चांगलं आहे, आबा. तुम्ही म्हणाल तर दसरा झाल्यावर याहून चांगलं ओढून देतो."

"नवं कशाला?" ते म्हणाले. "ती काय नवी होती?"

त्यांनी बोट पंच्याला पुसलं. मग आजोबांच्या पानाकडे हात केला. "हेही?"

"हो."

"आणि बाईचं?" आत्याला ते बाई म्हणायचे.

"तेही."

"माझ्या बापाचं मला कळलं नाही बघ," ते म्हणाले. "तोंडाने त्याचं नाव घेतलं नि दुसऱ्याच्या लोखंडाला कुंकू लावलं." त्यांचा चेहरा असा झाला होता की चूक जणू त्यांच्याच हातून झाली. ते मला सहन होईना. ओरडले असते, वाटी फेकून मारली असती, तर बरं झालं असतं. मी तशी वाट बघत होतो.

त्यांनी कुंकवाची वाटी उचलली. वयाने त्यांच्यानंतर माझाच नंबर लागतो. वाटी त्यांनी माझ्यापुढे धरली. मी खाली बसलो, बोट बुडवलं, पण हात आत जाईना. मागे सगळं घर उभं होतं.

"लाव," आबा म्हणाले. "तुझं आहे ना अजून जागेवर."